देवस्थानांचे स्थलांतर : संकटकाळातील श्रद्धेचा इतिहास

गोमंतकातील अंत्रूज महालाला देवभूमी म्हणण्याचा प्रघात आहे. फोंड्याच्या आसमंतात थोड्याशा अंतरात श्री मंगेश, श्री म्हाळसा, श्री शांतादुर्गा, श्री रामनाथ, श्री नागेश अशी देवस्थाने ओळीने उभी आहेत आणि त्यांचे दीपस्तंभ, तळी व अग्रशाळा पाहून बाहेरून आलेल्या यात्रेकरूस असे वाटते की ही दैवते अनादि काळापासून येथेच नांदत असावीत. वस्तुस्थिती तशी नाही. बांदोडे येथील श्री नागेशाचे स्थान त्याच भूमीतले आहे व तेथील शिलालेख १४१३ सालचा आहे. परंतु शेजारची बहुतेक दैवते नदीपलीकडून, संकटकाळी, आपल्या भक्तांच्या आश्रयाने येथे आली. देवाने भक्तास आश्रय द्यावा ही नेहमीची रीत. सोळाव्या शतकातील गोमंतकात भक्तांनी देवास आश्रय दिला.

या घटनेची हकीकत महाजन कुटुंबांतून पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. सांगताना बहुधा पोर्तुगीजांच्या क्रौर्यावर आणि श्रींच्या सामर्थ्यावर भर असतो. त्या दोहोंमध्ये एक प्रश्न झाकला जातो. ज्या देवाने आपले देऊळ वाचविले नाही, तो आपले घर कसे वाचवील? हा प्रश्न त्या काळच्या एखाद्या गांवकाराच्या मनात आला नसेल असे मानणे म्हणजे ते लोक माणसे नव्हती असे म्हणण्यासारखे आहे. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कोणत्याही ग्रंथात लिहून ठेवलेले नाही. ते त्यांच्या वागणुकीत शोधावे लागते, आणि त्यासाठी सुमारे दोनशे वर्षांचा काळ नजरेखालून घालावा लागतो.

आफोंसो द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा शहर कायमचे जिंकून घेतले. आरंभीच्या काळात तिसवाडी बेटावरील हिंदूंच्या धर्माचारास सरसकट विरोध झाला नाही. राज्य नवे होते, शेतसारा गोळा व्हावयाचा होता, आणि गांवकरी संस्थेवाचून तो गोळा होणे शक्य नव्हते. १५२६ साली आफोंसो मेशिया याने तयार केलेल्या फोरालात गांवकरीचे जुने रीतिरिवाज नोंदवून त्यांस मान्यता देण्यात आली. त्याच वर्षी सासष्टीतील केळशी गावी कृष्णदास शामा याने श्रीकृष्णचरित्र मराठीत रचावयास घेतले, ही गोष्ट त्या भागातील तत्कालीन शांततेची साक्ष देते. पुढे कोसळलेल्या वावटळीची कल्पना त्या वेळी कोणासही नसावी.

वारे फिरले ते १५४० च्या सुमारास. तिसवाडीतील देवळे त्या वर्षी पाडण्यात आली. लागलीच १५४१ साली त्या देवळांच्या नांवे असलेल्या जमिनींचे उत्पन्न चर्च व धर्मप्रचाराच्या कार्याकडे वळविण्यात आले. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पहिलीइतकेच आहे. देऊळ पाडले तरी ते पुन्हा बांधता येते. परंतु देवाच्या नंदादीपाचे तेल, नैवेद्याचे तांदूळ, गुरव, देवळी, वाजंत्री यांचा उदरनिर्वाह ज्या नमशीच्या जमिनीवर चालत असे, ती जमीन गेली म्हणजे देवस्थानाचा पायाच उखडला जातो. देवळाच्या भिंती व देवळाची जमीन एकाच वेळी हिरावून घेणाऱ्यांस हे पक्के ठाऊक होते.

१५४३ साली आदिलशहाकडून सासष्टी व बारदेश हे प्रांत पोर्तुगीजांकडे आले. कुठ्ठाळी, केळशी, वेर्णे, लोटली, राय, सांकवाळ, मडगाव ही आजच्या अनेक महाजन घराण्यांची मूळ गावे जुन्या सासष्टीतील. काही वर्षे तेथे तिसवाडीइतकी कडक अंमलबजावणी झाली नाही. पण १५५९ साली पितृहीन हिंदू मुलांस ख्रिस्ती संस्थांच्या ताब्यात देण्याविषयीचा राजाचा हुकूम आला आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन न्यायासन स्थापन झाले. मधल्या १७७४ ते १७७८ या चार वर्षांचा खंड वजा जाता ते १८१२ पर्यंत चालू राहिले. मुलांविषयीच्या त्या हुकुमाने घराघरांत किती भय उत्पन्न केले असेल याची कल्पना करणे कठीण नाही. कुटुंबप्रमुख निवर्तला की मुले हातची जाणार! अनेक कुटुंबांनी गाव सोडला त्यास देवळांइतकेच हेही कारण झाले असले पाहिजे.

१५६७ साल सासष्टीस निर्णायक ठरले. राशोल किल्ल्याचा कप्तान दियोगु रुद्रिगिश याने त्या वर्षी सासष्टीतील देवळांचा विध्वंस केला. आरंभ लोटलीच्या देवळापासून झाला. जेझुइटांच्या वृत्तांतांत सासष्टीतील पाडलेल्या देवळांची संख्या २८० अशी दिली आहे. मोठ्या देवस्थानांबरोबर प्रत्येक वाड्यावरील लहान देवळ्याही त्यांत आल्या. गावाच्या सीमेवरचा राखणदार व वेशीवरची सातेरी यांच्या जागाही या तडाख्यातून सुटल्या नाहीत.

या काळात कोणती दैवते कोठून कोठे गेली हे महाजनांस परिचित असले तरी एकत्र पाहण्याजोगे आहे. कुशस्थळीचा, म्हणजे कुठ्ठाळीचा, श्री मंगेश १५६० मध्ये अघनाशिनी नदी ओलांडून प्रियोळास गेला. केळशीची श्री शांतादुर्गा कवळ्यास गेली. वेर्ण्याची श्री म्हाळसा म्हार्दोळास आली. लोटलीचा श्री रामनाथ बांदोड्यास स्थिरावला व त्या ठिकाणास रामनाथी हे नाव पडले. सांकवाळचा श्री लक्ष्मीनृसिंह वेलिंगास, रायची श्री कामाक्षी शिरोड्यास, मडगावचा श्री दामोदर कुशावतीकाठी जांबावलीस, चोडणची श्री देवकीकृष्ण मये मार्गे माशेलास, आणि दिवाडीचा श्री सप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्वे येथे गेला. नदीचे एक पात्र मध्ये होते. एका काठावर देवपूजा हा गुन्हा होता, दुसऱ्या काठावर नव्हता.

तो दुसरा काठ त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत मोडत होता. परंपरागत कथनात या गोष्टीचा उल्लेख अनेकदा ओझरता होतो. तो ठळकपणे व्हावयास हवा. हिंदूंच्या दैवतांस ज्या भूमीत निवारा मिळाला ती मुसलमान सुलतानाची होती. संकटात सापडलेला मनुष्य साहाय्य कोणत्या दिशेने येईल याचा एक आराखडा मनाशी बांधतो, आणि ते त्या दिशेने आले नाही की देव विसरला असे म्हणतो. सासष्टीच्या भाविकांस कोणी हिंदू राजा सैन्य घेऊन सोडवावयास आला नाही. विजयनगरचे साम्राज्य तर १५६५ मध्ये तालिकोटच्या रणांगणावर कोसळले होते. त्यांच्या वाट्यास आली ती एक मोकळी नदी आणि पलीकडचा एक परका पण अडथळा न करणारा अंमल. तेवढ्यावर त्यांनी भागविले.

मूर्ती व लिंगे रात्रीच्या वेळी, गाजावाजा न करता नेली गेली असे सर्वच देवस्थानांची परंपरा सांगते. यात आश्चर्य नाही. दिवसा नेणे शक्यच नव्हते. परंपरेत महाजनांची व पुजाऱ्यांची आठवण जपलेली आहे. परंतु होडी वल्हविल्यावाचून नदी ओलांडता येत नाही आणि पाषाणाचे लिंग चार बळकट खांद्यांवाचून उचलता येत नाही. तो तारी कोण होता, ते भोई कोण होते, पलीकडच्या रानात पहिली माटोळी कोणी उभारली, मूर्तीवर पहिले छप्पर कोणी शाकारले, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. गुप्तता हाच त्या कार्याचा प्राण असल्यामुळे त्यांत भाग घेतलेल्या प्रत्येकाचे आयुष्य दुसऱ्या प्रत्येकाच्या मौनावर अवलंबून होते. श्रींचे जे रक्षण झाले ते अशा नामरहित माणसांच्या हातून झाले. परमेश्वरी कृपेचा हात दिसत नाही असे म्हणतात. येथे तो दिसत होता, फक्त त्याची नोंद झाली नाही.

जे गेले ते सारे एकाच ठिकाणी गेले नाहीत. काही कुटुंबे देवाबरोबर अंत्रूजात राहिली. काही कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत उतरली आणि तेथे व्यापारउदीम करून स्थायिक झाली. आज कर्नाटक व केरळातून आलेले कुळावी श्रींच्या दर्शनास येतात, तेव्हा त्यांच्या बोलीत मूळ गावाचे नाव साडेचारशे वर्षांनंतरही शाबूत असते. घर, शेत, शेजार, सर्व काही सुटलेल्या माणसाने कुलदेवतेचे नाव तेवढे सोडले नाही. मुलाच्या मुंजीस आणि लग्नास श्रींची आठवण काढावी लागे, आणि ती आठवण काढताना आपण कोठले हे प्रत्येक पिढीस नव्याने सांगावे लागे.

आणि जे राहिले त्यांचे काय? सर्वांनाच जाणे शक्य नव्हते. वृद्ध आईबाप, पिकाची जमीन, कर्ज, आजारपण, यांपैकी एखादे कारण मनुष्यास जागच्या जागी खिळवून ठेवण्यास पुरेसे असते. राहिलेल्यांपैकी बहुसंख्यांनी कालांतराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांस श्रद्धेत उणे म्हणून बाजूस सारणे न्यायाचे नाही. कुंकळ्ळीचा इतिहास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. १५ जुलै १५८३ रोजी तेथील गांवकारांनी उठाव केला, त्यांत पाच जेझुइट पाद्री मारले गेले. त्यानंतर गांवकारांच्या प्रमुखांस वाटाघाटीच्या निमित्ताने आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. कुंकळ्ळीची श्री शांतादुर्गा फातर्प्यास गेली. तथापि दरवर्षी फाल्गुनात फातर्प्याहून कुंकळ्ळीस देवीची छत्री वाजतगाजत येते, आणि बारा वांगड्यांच्या त्या उत्सवात हिंदूंबरोबर ख्रिस्ती गांवकारांचाही मान असतो. देवी गावाबाहेर गेली, काही मुले दुसऱ्या धर्मात गेली, परंतु आई आणि गाव यांचे नाते तुटले असे कोणीच मानले नाही.

नदीपलीकडे पोहोचणे म्हणजे सुटका होणे नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. पहिली देवळे साधी होती. मातीच्या भिंती, गवताचे किंवा नळ्यांचे छप्पर, यापेक्षा अधिक काही असण्याची शक्यता नाही, कारण नमशीच्या जमिनी मागे राहिल्या होत्या. अंत्रूज सीमेवरचा प्रांत असल्याने तेथे वारंवार लढाया होत. शिवाजी महाराजांनी १६७५ मध्ये फोंड्याचा किल्ला जिंकला. १६८३ साली व्हिसेरेई कोंदी द आल्व्होर याने तोच किल्ला घेण्याचा प्रयत्न केला व संभाजी महाराजांच्या आगमनामुळे त्यास माघार घ्यावी लागली. मराठी फौजांनी जुवे बेट घेतले, तेव्हा खुद्द गोवा शहरावर संकट ओढवले. त्या प्रसंगी व्हिसेरेईने सेंट झेवियरच्या शवपेटीपुढे जाऊन आपला अधिकारदंड संताच्या स्वाधीन केला व रक्षणाची याचना केली. पुढे मोगल सैन्य कोकणात उतरल्यामुळे मराठ्यांस परतावे लागले, आणि गोवा शहरात ही सुटका संताचीच कृपा मानली गेली.

हा प्रसंग विचार करण्याजोगा आहे. एका काठावर श्री मंगेशाचे भक्त रक्षणाची प्रार्थना करीत होते, दुसऱ्या काठावर त्यांचा छळ करणारी राजसत्ता तीच प्रार्थना करीत होती. संकटात मनुष्यमात्राचे हृदय सारखेच असते. मात्र सुटका झाल्यावर तो काय करतो यावर त्याच्या श्रद्धेची परीक्षा होते. त्याच कोंदी द आल्व्होरने १६८४ साली लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा वापरावी असा हुकूम काढला. स्वतः वाचल्यावर दुसऱ्याच्या जिभेवर बंधन घालणे हा कृतज्ञतेचा प्रकार म्हणता येणार नाही. भाषा मात्र गेली नाही. गोमंतकातील घरांत कोंकणी बोलली जात राहिली आणि देवळांत मराठी कीर्तने होत राहिली.

श्री सप्तकोटेश्वराची कथा या साऱ्या इतिहासाचे सार सांगते. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत. राजे आपल्या बिरुदात या देवाचा वरप्रसाद अभिमानाने मिरवीत. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत दिवाडीचे देवालय उद्ध्वस्त झाले. विजयनगरचा सेनानी माधव मंत्री याने देवाची पुनःस्थापना केली. १५४० मध्ये पोर्तुगीजांनी देवालय पुन्हा पाडले आणि लिंग नार्व्यास गेले. तेथे एका साध्या स्थानात सव्वाशेहून अधिक वर्षे पूजा चालली. १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्वे येथे देवालय बांधण्याची आज्ञा केली. त्याचा शिलालेख तेथे आहे. या देवालयाचा जीर्णोद्धार होऊन ते २०२३ मध्ये पुन्हा भाविकांस खुले झाले. दोन वेळा पडले, दोन वेळा उठले. १५४० साली लिंग उचलून नेणाऱ्यास १६६८ सालची कल्पना असणे शक्य नव्हते. त्याचा नातूदेखील ते देवालय पाहू शकला असेल किंवा नसेल. ज्याचे फळ आपल्या डोळ्यांस दिसणार नाही असे काम त्याने केले.

अठराव्या शतकात परिस्थिती पालटू लागली. गोमंतकातून बाहेर गेलेल्या घराण्यांतील कर्ते पुरुष मराठी राज्यात मोठ्या पदांवर चढले होते. शाहू छत्रपतींच्या दरबारातील मंत्री नारोराम रेगे यांच्या प्रयत्नाने कवळे येथे श्री शांतादुर्गेचे सध्याचे भव्य देवालय उभे राहिले. रामचंद्र मल्हार सुखटणकर, ज्यांस रामचंद्रबाबा शेणवी म्हणत, यांच्या खटपटीने १७३९ साली पेशव्यांकडून मंगेशी गाव श्री मंगेशास इनाम मिळाला. १५४१ मध्ये सुरू झालेल्या नमशीहरणाची ही अंशतः भरपाई म्हणावी लागेल. या देवळांच्या बांधणीत घुमट, कमानी, खिडक्यांची ठेवण यांवर त्या काळच्या गोव्यातील ख्रिस्ती वास्तुशैलीचा प्रभाव उघड दिसतो. ज्यांनी आपली देवळे पाडली त्यांच्या बांधकामातील चांगले ते घेऊन भक्तांनी देवाचे घर सजविले. द्वेषाने मन कोते झाले असते तर हे घडले नसते.

आणि मग १७६३ उजाडले. हैदर अलीच्या आक्रमणामुळे सौंदेकर राजास गोव्यात आश्रय घ्यावा लागला व अंत्रूज महाल पोर्तुगीजांच्या अंमलाखाली आला. ज्या सत्तेपासून देव पळाले तीच सत्ता दोनशे तीन वर्षांनी त्यांच्या दाराशी येऊन उभी राहिली. त्या वेळी महाजनांच्या मनाची काय अवस्था झाली असेल! परंतु काळ बदलला होता. नव्या काबिजादीतील प्रजेच्या धर्मात, देवळांत व चालीरीतींत हस्तक्षेप होणार नाही असे अभिवचन पोर्तुगीज सरकारने दिले आणि देवळे शाबूत राहिली. पुढे १८८६ साली महाजनसंस्थांचे नियमन करणारा कायदा झाला व १९३३ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. देवस्थानांचा कारभार अद्यापही त्याच चौकटीत चालतो. १९१० च्या प्रजासत्ताकाने हिंदूंस नागरी समानता दिली, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला.

आणखी एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. सासष्टीतील देवळांच्या जमिनी ताब्यात घेण्यासाठी पोर्तुगीज कारकुनांनी सोळाव्या शतकात ज्या नोंदवह्या लिहिल्या, त्यांत गावोगावच्या दैवतांची नांवे, त्यांच्या सेवेकऱ्यांच्या जमिनी व त्यांचे उत्पन्न तपशीलवार लिहिलेले आहे. आज एखाद्या गावी मूळ कोणकोणती दैवते होती हे जाणण्यास त्या वह्यांसारखे साधन नाही. कृष्णदास शामाच्या काव्याची हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात सापडली. ज्यांनी पुसावयास घेतले, त्यांच्याच दप्तरात नांव टिकून राहिले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. देवाने आपले देऊळ वाचविले नाही, हे खरे. १५६७ च्या आगीत आकाशातून पाऊस पडला नाही. देवावर विश्वास म्हणजे संकट येणार नाही अशी हमी, असे ज्यांनी मानले असेल त्यांचा विश्वास त्या आगीत जळाला असणार. परंतु गोमंतकातील देवळांतील गाऱ्हाणे ज्याने ऐकले आहे त्यास श्रद्धेचा दुसरा अर्थ ठाऊक असतो. गाऱ्हाण्यात भक्त देवाशी मोकळेपणाने बोलतो. गावावरचे अरिष्ट, लेकराचे दुखणे, शेताची हानी, सर्व काही सांगतो, क्वचित रुसतोही, आणि शेवटी सांभाळून घेण्याची जबाबदारी देवावर टाकून घरी जातो. घरी जाऊन तो नांगर धरतो. नदी ओलांडलेल्या भक्तांनी हेच केले. त्यांनी देवास दोष दिला की नाही हे कळण्यास मार्ग नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा केली, एवढे निश्चित. ती पूजा एक दिवस जरी खंडित होऊन विसरली गेली असती तर आज उत्सव साजरा करण्यास काही उरले नसते.

देवाची निष्ठा आणि भक्ताची निष्ठा यांत कोणती आधी, हा वाद पंडितांनी करावा. या इतिहासापुरते पाहिले तर दोन्ही एकाच होडीतून पलीकडे गेल्या. सुटका झाली, पण ती मागणाऱ्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही. ती त्यांच्या पणतवंडांच्या पदरात पडली.

म्हणून महाजनपदाचा अर्थ केवळ नोंदवहीतील नाव, पालखीचा मान अथवा सभेतील मत एवढाच घेतला जाऊ नये. हे पद मूळ ज्या कामातून निर्माण झाले ते काम ओझे वाहण्याचे होते. ज्यांनी श्रींची मूर्ती खांद्यावर घेतली त्यांत नोंदवहीत नसलेले अनेक हात होते. त्यांचे वंशज आजही देवळाच्या अंगणात सेवा करीत असतात, आणि त्यांचा सन्मान राखणे हे महाजनांवरील जुने ऋण आहे. प्रत्येक पिढीचे संकट वेगळे असते. कधी ते तलवार घेऊन येते, कधी आजारपण, दारिद्र्य वा विस्मृतीच्या रूपाने येते. पूर्वजांनी शिकविलेली रीत मात्र एकच आहे: जेवढी वाट मोकळी असेल तेवढी धरावी, देवास मागे ठेवू नये, आणि पलीकडे पोहोचल्यावर प्रथम दिवा लावावा.

श्रींच्या कृपेने तो दिवा तेवत राहो.